पारोळ्याच्या पुढचा रस्ता

१

तुम्ही कधी घरात नसलेल्या माणसाचं नाव रोज सकाळी न चुकता घेतलं आहे का? देवापुढे नव्हे, फोटोपुढेही नव्हे. तो आत्ता येईल आणि त्याची जागा मांडलेली असावी, एवढ्याचसाठी?

आमच्याकडे रस्त्यात असलेल्या माणसासाठी भाकरी झाकून ठेवतात. त्याची गाडी चुकली असेल, कुणी भेटलं असेल, पण तो आला की टोपलीत भाकरी असायला हवी. मी जे केलं ते याच जातीचं होतं. फक्त मी ते कॉम्प्युटरवर केलं.

माझं नाव प्रमिला, शिक्षण मॅट्रिकपर्यंत. जळगावला भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं टायपिंगचं दुकान होतं. माझे यजमान चुडामण कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असायचे. दुकान चालवायचो ते मी आणि माझा धाकटा दीर लीलाधर. मराठी काम मी टाइपरायटरवर करायचे. इंग्रजी काम, म्हणजे वकिलांचे मसुदे, डाळमिलवाल्यांची पत्रं, कॉलेजातल्या सरांचे कागद, कॉम्प्युटरवर व्हायचं. कॉम्प्युटर दुकानाच्या आतल्या भागात, प्लायवूडच्या आडोशामागे होता. तिथे खिडकी नव्हती. कूलरची हवा पोचावी म्हणून लीलाधरने प्लायवूडला वरच्या बाजूला एक चौकोन कापला होता. त्या चौकोनातून वाळ्याचा वास यायचा, आणि कूलरमधलं पाणी टपटपायचं ते ऐकू यायचं.

तेव्हा कॉम्प्युटरवर विंडोज होतं आणि ते मला आवडायचं. भांड्यांच्या दुकानात सगळं समोर मांडलेलं असतं तसं. हवं त्यावर बोट ठेवायचं, ते उघडतं. मग कुणा गिऱ्हाइकाच्या फ्लॉपीतून व्हायरस आला आणि एका सरांचं वर्षभराचं लिखाण खाऊन गेला. सर आमच्या बाकावर बसून राहिले. रागावलेसुद्धा नाहीत. ते लीलाधरला फार लागलं. पुढच्या रविवारी शटर ओढून तो आत बसला आणि त्याने विंडोज पुसून टाकलं. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्याने लिनक्स टाकलं.

सोमवारी मी आत गेले तर स्क्रीन काळी. ना चित्र, ना बाण. वरच्या कोपऱ्यात एक ओळ, आणि ओळीपुढे एक रेघ लुकलुकत होती.

"हे बंद पडलंय का?" मी विचारलं.

"नाही, वहिनी. ते तुमचं नाव विचारतंय."

२

लीलाधर शिकवायचा फार छान. तो म्हणायचा, विंडोजमध्ये वस्तू दिसते म्हणून आपण ती घेतो. इथे काही दिसत नाही. अंधाऱ्या माजघरात आपण नाव घेऊन वस्तू मागतो ना, तसं मागायचं. नाव बरोबर असलं तर मिळते. आणि एक लक्षात ठेवा, काम झालं की हा काही बोलत नाही. चुकलं तरच बोलतो.

हे मला जड गेलं. काहीतरी टाइप करावं, एंटर दाबावं, आणि समोर नुसती शांतता. झालं की नाही? मी त्याला हाक मारायचे. तो बाहेरून म्हणायचा, काही बोललं का? नाही ना? मग झालं.

माझी सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपण कुठे आहोत हे कळायचं नाही. विंडोजमध्ये पिवळं फोल्डर उघडलं की त्याच्या आतलं दिसतं. इथे फोल्डरमध्ये शिरलं तरी स्क्रीन तशीच काळी. फक्त ओळीच्या सुरुवातीला, कंसात, आपण उभे असतो त्या जागेचं नाव बदलतं. मी सारखी हरवायचे. शेवटी लीलाधरने एक युक्ती काढली. त्याने स्वतःच्या जागेत 'जळगाव' नावाचं फोल्डर केलं. त्याच्या आत 'पाळधी', पाळधीच्या आत 'एरंडोल', एरंडोलच्या आत 'पारोळा'. आमचं मूळ गाव सोनगीर, धुळ्याच्या पुढे, आग्रा रोडवर. या रस्त्याने आम्ही दर सणाला जायचो. तो माझ्या पायाखालचा होता.

"सी-डी म्हणजे आपली एस.टी.," तो म्हणाला. "सी-डी लिहा, गावाचं नाव लिहा, की पोचलात. मध्येच झोप लागली आणि कळेना कुठे आलो, तर पी-डब्ल्यू-डी लिहा. ते सांगतं."

"आणि निघायचं कुठून?"

"आपल्या ओट्यावरून. सकाळी नाव सांगून आत आलात की तुम्ही रोज आपल्याच ओट्यावर असता. तिथे तुमचं नाव लिहिलेलं असतं."

मी पाळधीला गेले, एरंडोलला गेले, परत आले. मला हसू फुटलं. लीलाधर म्हणाला, वहिनी, तिकीट काढलं का? तेवढ्यात बाहेर कुणी वकील आले आणि आम्ही उठलो.

आणखी एक गोष्ट त्याने दाखवली. ऑल्ट दाबून धरायचं आणि वरच्या रांगेतलं दुसरं बटण दाबायचं. स्क्रीन पुसली जाते आणि पुन्हा नाव विचारते. पहिलं काम कुठे जात नाही. पहिलं बटण दाबलं की ते तसंच्या तसं समोर. अशा सहा खोल्या होत्या, एकामागे एक, एकाच काचेच्या आड. पहिली खोली माझी ठरली, दुसरी त्याची. मी भाजी टाकायला घरी गेले की तो खुर्चीवर बसून आपल्या खोलीत जायचा. माझं अर्धं पत्र माझ्या खोलीत उघडं पडलेलं असायचं.

खरं सांगते, मला हे थोडं विचित्र वाटायचं. मी माझं टाइप करत असायचे, त्याच काचेच्या मागे त्याची खोली उघडी असायची, आणि तिथे काय चाललंय ते मला दिसायचं नाही. अर्थात तिथे काही चाललेलं नसायचं. तो तर बाहेर चहा पीत असायचा.

३

दिवाळीनंतर सोनगीरहून निरोप आला की सासूबाईंचा डोळा दुखतो आहे. लीलाधर म्हणाला, मी जाऊन त्यांना घेऊन येतो, इथे दाखवू. दुपारी निघाला. तो घरी पोचलाच नाही.

आमच्या गावचा रुपचंद मिरचीचा व्यापार करतो. त्याला लीलाधर पारोळ्याच्या स्टँडवर भेटला होता. दोघांनी चहा घेतला. धुळ्याची जीप मिळाली तर दिवस मावळायच्या आत घरी पोचतो, असं म्हणून तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला. तेवढ्यात मध्ये कापसाचे ट्रक आले. ट्रक गेल्यावर पलीकडे तो नव्हता. रुपचंदला वाटलं, जीप मिळाली.

पारोळ्यापुढे त्याला कुणी पाहिलं नाही. चुडामण फोटो घेऊन तो रस्ता किती वेळा चालले, ढाब्यांवर, दवाखान्यांत, विहिरींवर. काही नाही. ना पिशवी, ना चप्पल.

त्याची बायको पुष्पा आमच्याबरोबरच राहायची. मूलबाळ नव्हतं. ती साड्यांना फॉल लावायची. लीलाधर नाहीसा झाल्यावर तिने रडणं फार केलं नाही. कुणी सांत्वनाला आलं की ती सुई थांबवून म्हणायची, ते यायचेत अजून. बाया एकमेकींकडे बघायच्या. पुष्पा पुन्हा सुई ओवायची.

दुकान पुन्हा उघडल्यावर पहिल्या दिवशी मी माझ्या खोलीत काम केलं. मग सवयीने दुसरं बटण दाबलं गेलं. त्याची खोली नाव विचारत होती. रेघ लुकलुकत होती. माझ्याने बघवेना. त्याचा परवलीचा शब्द मला ठाऊक होता, आमच्यात लपवाछपवी नव्हती. मी त्याचं नाव लिहिलं, शब्द लिहिला. कंसात 'लीलाधर' उमटलं. तो आपल्या ओट्यावर आला.

मग रोज सकाळी मी तसं करायला लागले. आधी त्याची खोली, मग माझी. संध्याकाळी दोन्ही मिटवायच्या, मशीन बंद करायचं, कापड घालायचं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

४

होळी झाली. ऊन चढायला लागलं. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसायचं. शटर अर्धं ओढून मी आत बसायचे.

एका दुपारी मी एक लांब पत्र संपवलं आणि सहज त्याच्या खोलीत डोकावले. सकाळी मी त्याला ओट्यावर सोडलं होतं. आता तिथे एक ओळ जास्त होती. सी-डी जळगाव. त्याखाली कंसात 'जळगाव' लिहिलेलं, आणि रेघ लुकलुकत होती.

मी मनाशी म्हटलं, आपणच केलं असेल. हात सवयीचा, डोकं दुसरीकडे. मी संध्याकाळी खोली मिटवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम बघून घेतलं. ओटा. कीबोर्डवर रेक्झिनचं कव्हर घातलं आणि बाहेर टाइपरायटरवर बसले. दिवसभर आडोशामागे कुणी गेलं नाही. एक गिऱ्हाईक आलं, तेही बाहेरच बसलं. मधूनच कॉम्प्युटरच्या डबीतून आत काहीतरी कुरतडल्यासारखा आवाज यायचा, पण तो नेहमीचाच होता. लीलाधर म्हणायचा, विचार करतंय ते.

चारच्या चहानंतर मी कव्हर काढलं. सी-डी जळगाव. सी-डी पाळधी. कंसात 'पाळधी'.

रात्री जेवताना मी चुडामणना सांगितलं. ते म्हणाले, उंदीर असेल.

"उंदराला पाळधी लिहिता येतं का?"

"जळगावचा उंदीर आहे. तुझ्याकडेच शिकला असेल."

ते हसले नाहीत. मीही हसले नाही. पुष्पा भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण तिने ऐकलं होतं.

५

आखाजी जवळ आली. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि त्याच दिवशी पितरांसाठी घागर भरतात. कुंभाराकडून नवी घागर आणायची, पाण्याने भरायची, वर खरबूज ठेवायचं. उंबऱ्यावर कुंकवाची बोटं ओढायची, आणि एकेका बोटाला घरातल्या एकेका गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं. उन्हाळ्याचे दिवस असतात. ती माणसं लांबून, तहानेली येतात, असं आमच्याकडे मानतात. ज्याचं नाव घेतलं नाही, तो दारात उभा राहून परत जातो.

डोळ्याच्या औषधासाठी सासूबाई जळगावला आल्या होत्या. त्यांनी विषय काढला. या वर्षी एक बोट लीलाधरच्या नावाने ओढायचं.

पुष्पाने फॉलची साडी बाजूला ठेवली. ती म्हणाली, जिवंत माणसाच्या नावाने घागर भरत नाहीत.

 सासूबाईंना एका डोळ्याने धूसर दिसायचं. त्या पुष्पाकडे न बघता भिंतीकडे बघून बोलल्या.

"मना पोऱ्याले तीस लागनी व्हई, पुष्पा."

माझ्या मुलाला तहान लागली असेल. एवढंच. त्यात भांडण नव्हतं. पुष्पा उठून मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

नंतर मला म्हणाली, "अक्का, मी सोनगीरला येईन. स्वयंपाक करीन. पण त्या घागरीला हात लावणार नाही. मी हात लावला की ते गेले. आज ते गेलेले नाहीत."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  दोघीही खऱ्या होत्या. पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. त्या दिवशी दुपारी कंसात 'एरंडोल' आलं होतं.

६

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पहाटे एक गोष्ट लख्ख समजली.

स्क्रीनवर रोज सगळ्या ओळी पहिल्यापासून असायच्या. आधी जळगाव, मग पाळधी, मग एरंडोल. दर दिवशी तो पुन्हा ओट्यावरून निघायचा. का? कारण रोज संध्याकाळी मीच खोली मिटवत होते. तो चालून चालून जिथे पोचायचा, तिथून मी त्याला उचलून मागे आणून ठेवत होते. सकाळी तो मुकाट्याने परत निघायचा, आणि आदल्या दिवसापेक्षा एक गाव पुढे जायचा.

मला भीती वाटत होती, नाही असं नाही. आडोशामागे जाताना मी आधी खाकरायचे. खुर्ची ओढायच्या आधी तिच्यावर हात फिरवायचे, ती ऊन तर नाही ना बघायला. ऊन असायची, पण एप्रिलमध्ये जळगावात सगळंच ऊन असतं. माझं मन म्हणायचं, प्रमिला, तुझा हात हे करतो आणि तुला कळत नाही. दुःखाने माणसाचं असं होतं. तेच मन पुढे म्हणायचं, मग आज मशीन बंद करू नकोस. तुझाच हात असेल तर काही होणार नाही.

मी मशीन चालू ठेवून घरी गेले. वीज जाऊ नये म्हणून देवाला हात जोडले. आमच्या भागात ती रोज जायची. त्या रात्री गेली नाही.

सकाळी आले तेव्हा आडोशामागे गरम धुळीचा वास कोंडला होता. मी दुसरं बटण दाबलं.

कंसात 'पारोळा'.

७

आखाजीच्या आदल्या दिवशी दुकान दुपारीच बंद करून आम्ही सोनगीरला निघणार होतो. चुडामण सासूबाईंना घेऊन सकाळच्या गाडीने पुढे गेले होते. पुष्पा घरून पिशव्या घेऊन दुकानात येणार, आणि आम्ही दोघी स्टँडवर जाणार, असं ठरलं होतं.

शटर अर्धं ओढलेलं. बाहेर पांढरं ऊन. कूलरमधलं पाणी संपलं होतं, नुसता पंखा फिरत होता. मी मशीन बंद करायला आत गेले. म्हणजे बंद करायचं की नाही ते ठरवायला गेले.

त्याच्या खोलीत स्क्रीन वरपासून खालपर्यंत भरली होती.

सी-डी धुळे. खाली इंग्रजीत उत्तर: असं काही इथे नाही.

सी-डी धुळे. असं काही इथे नाही.

सी-डी धुळे. असं काही इथे नाही.

सगळी स्क्रीन तीच. शेवटच्या ओळीपुढे रेघ लुकलुकत होती. आणि मी बघत असतानाच तिथे एक अक्षर आलं. मग दुसरं. कीबोर्ड माझ्यासमोर होता, त्यावर कव्हर होतं, आणि कव्हरखाली काही हललं नाही. अक्षरं सावकाश येत होती. 'धुळे' लिहिताना एक अक्षर चुकलं, ते पुसलं गेलं, पुन्हा लिहिलं गेलं. मग थोडं थांबणं. लीलाधर एंटर दाबायच्या आधी असाच थांबायचा. दोन बोटांनी टाइप करायचा आणि आपण लिहिलेलं वाचून बघायचा.

असं काही इथे नाही.

मला किंचाळता आलं नाही. आणि खरं सांगायचं तर किंचाळावंसं वाटलंही नाही. मला कळलं की तो कुठे अडकला आहे. माझ्यासाठी केलेला तो सरावाचा रस्ता पारोळ्यापर्यंतच केलेला होता. पुढे धुळं नव्हतं. सोनगीर नव्हतं. तो पारोळ्याला उभा होता आणि घराकडचा रस्ताच नव्हता.

मला तो रस्ता करता येत होता. दोन ओळींचं काम. नवीन जागा करायचा हुकूम लीलाधरनेच मला शिकवला होता. मी कव्हर काढलं, बोटं ठेवली आणि तशीच थांबले. आज रस्ता केला तर तो आजच घरी पोचेल. आखाजीच्या आदल्या दिवशी, उन्हातून, तहानेला. आमच्याकडे त्या दिवशी असं कोण येतं, ते मला माहीत होतं. आणि पुष्पा काय म्हणाली होती तेही.

रस्ता न करावा तर तो तिथेच. उद्याही, परवाही.

मागे शटरचा आवाज झाला. "अक्का, गाडी चुकेल," असं म्हणत पुष्पा आत आली, आणि माझ्या खांद्यावरून तिने स्क्रीन पाहिली.

८

ती सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला वाचता यायची. मी तिला सगळं सांगितलं. रोजचं नाव घेणं, पाळधी, एरंडोल, रात्रभर मशीन चालू ठेवणं. ती उभ्याने ऐकत होती. सांगत असताना आणखी एक ओळ आली. तिने ती अक्षरं उमटताना पाहिली. चुकणं पाहिलं, पुसणं पाहिलं. तिने पिशव्या खाली ठेवल्या.

"हे तेच," ती म्हणाली. "पत्र लिहितानाही असंच करायचे."

"पुष्पा, हे मशीन आहे. त्यात काही बिघाड असेल."

"असेल." ती खुर्चीवर बसली. "त्यांनी थांबायचं का तिथे?"

"पुढचा रस्ता नाही ना."

"तुम्हाला करता येतो?"

"येतो. पण मी करणार नाही. उद्या आखाजी आहे. आज ते सोनगीरला पोचले तर त्याचा अर्थ काय, ते तुला माहीत आहे. तू नको म्हणालीस तर मी हे मशीन बंद करते आणि पुन्हा त्यांचं नाव घेत नाही. तू ठरव."

पंखा फिरत होता. गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं, तिची साखळी करकरत होती. पुष्पाने पदराने तोंड पुसलं. तिचे डोळे कोरडे होते. स्क्रीनवर पुन्हा सी-डी आलं, धुळे आलं, आणि पुन्हा तेच उत्तर.

"दिवाळीपासून ते उभेच आहेत, अक्का," ती म्हणाली. "आणि मी म्हणतेय, येतील येतील. रस्ता करून द्या."

मी अक्षरं सांगितली. तिने एका बोटाने एकेक बटण शोधून दाबलं. आधी धुळे. मग धुळ्याच्या आत सोनगीर. त्या खोलीत आम्ही लिहीत होतो तेवढा वेळ तो थांबला होता. एकही अक्षर मध्ये आलं नाही. पाहुण्याने दारात बाजूला व्हावं, तसं.

तिने एंटर दाबलं. मशीन काही बोललं नाही. म्हणजे रस्ता झाला होता.

मग बराच वेळ काहीच झालं नाही. डबीच्या आतला कुरतडण्याचा आवाजही थांबला.  मला वाटलं, संपलं, उठावं.

तेव्हा अक्षरं आली. सी-डी नव्हे. सहा इंग्रजी अक्षरं. पी, यू, एस, एच, पी, ए. मग नेहमीचं थांबणं.

खाली मशीनने लिहिलं की असा हुकूम इथे नाही.

पुष्पाने काचेवर तळहात ठेवला. तिच्या बांगड्या काचेला लागून किणकिणल्या.  मी तिचा खांदा धरला. 

सी-डी धुळे. मशीन गप्प. कंसात 'धुळे'.

सी-डी सोनगीर. मशीन गप्प. कंसात 'सोनगीर'.

रेघ थोडा वेळ तिथे लुकलुकत राहिली. मग सगळ्या ओळी एकदम पुसल्या गेल्या, आणि ती खोली रिकामी होऊन नाव विचारू लागली. काळ्या काचेत आम्ही दोघी दिसत होतो, आडोशाच्या उघड्या बाजूने मागचा बाक दिसत होता, शटरखालचा उन्हाचा पट्टा दिसत होता. त्या पट्ट्यातून कुणीतरी बाहेर जावं तशी एक सावली आडवी सरकली. मी वळून पाहिलं. गल्लीत ऊन होतं आणि कुणी नव्हतं.

मी मशीन बंद केलं. पुष्पाने पिशव्या उचलल्या. आम्हाला पुढची गाडी मिळाली. पारोळ्याला गाडी बरीच थांबली. लोक उतरून उसाचा रस प्यायला गेले. पुष्पाने खिडकीतून पलीकडच्या कडेला एकदाही पाहिलं नाही. ती समोर, रस्त्याकडे बघत बसली होती. आमचं कुणी पुढे गेलेलं असलं आणि आपण त्याच्या मागोमाग निघालेलो असलो, की माणूस बसतो तशी.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई उठायच्या आत पुष्पा नवी घागर घेऊन विहिरीवर गेली. तिने पाणी आणलं, घागर ओसरीवर ठेवली, वर खरबूज ठेवलं. मग उंबऱ्याशी बसून तिने कुंकवाची बोटं ओढली आणि घरातल्या एकेका माणसाचं नाव मोठ्याने घेतलं. शेवटचं बोट ओढताना ती हळू बोलली. लांबच्या माणसाला हाक मारतात तसं नाही, आत बसलेल्याला पाणी ठेवलंय म्हणून सांगतात तसं.